येतो म्हणे

मोहिनीने खिडकीला गोधडी लावली, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. बीडच्या बसस्टँडमागच्या त्या खोलीत गोधडीशिवाय रेकॉर्डिंग व्हायचंच नाही. वाक्य रंगात आलं की नेमका खालून एखादा रिक्षावाला ओरडायचा, नाहीतर एसटीचा ड्रायव्हर गाडी मागे घेताना हॉर्नवरून हात काढायचा नाही. तिने केस कानामागे सारले, घसा साफ केला आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्याबरोबर नेहमीचं वाक्य म्हटलं.

"नमस्कार, मी मोहिनी. इथं तोंडदेखलं बोललं जात नाही."

हे वाक्य तिचं ब्रीद होतं. आठवडाभर ती एका कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी या खोलीत बसून मोबाईलवरच्या गेम तपासायची. आधी जमेच्या बाजू, मग खटकलेलं. मराठीतून असं बोलणारं कुणी नव्हतं, निदान इतकं परखड तरी नव्हतं. एका गाजलेल्या गोळीबाराच्या गेमला तिने 'बंदुका चकचकीत, खेळात पाणी' असं म्हटलं तेव्हा पोरांनी तिला मनसोक्त शिव्या घातल्या. पुढच्या आठवड्यात तीच पोरं नवा व्हिडिओ कधी येणार म्हणून विचारत होती. परखड माणसाचं असंच असतं, लोकांना तो खुपतो आणि त्याच्यावाचून करमतही नाही.

आज तिच्यापुढे 'राखण' होती. मेंढरं राखायची, रामेश्वरची गेम.

रामेश्वर तिच्याच क्लासमध्ये, तिच्यासोबत शिकलेला. तेलगावच्या पुढे डोंगराच्या अंगाला धनगरांची वस्ती आहे, तिथला. दोन वर्षं घरी बसून त्याने ही एकच गेम बनवली होती, आणि घरी बसणं त्याला भागच होतं. त्याच्या वडिलांना विसरण्याचा आजार जडला होता. जेवलेलं आठवायचं नाही, बायकोचं नाव आठवायचं नाही, आणि आई एकटी त्यांना पुरी पडायची नाही. गेम दाखवायला तो क्लासवर आला तेव्हा चपला दारात काढून, हात मागे बांधून उभा राहिला होता.

"खरं काय ते सांग," तो म्हणाला होता. "तू बरी म्हन्लीस की चार मानसं बघत्याल. चार मानसांनी बघितली तर पुन्याचा एकजन हाय, त्यो पुढचं काम घरी बसून करायला देतो म्हनलाय."

"आणि मला नाही आवडली तर?"

"तर मामा हायेच. चाकणला कंपनीत चिकटवतो म्हनून लई दिवस मागं लागलाय." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "मग आप्पाला सोडून जावं लागंल, एवढंच."

"मी तोंडदेखलं बोलत नाही, रामेश्वर."

"म्हनून तर तुज्याकडं आलतो."

मोहिनीने गेम नेटाने खेळली होती. रेकॉर्डिंग करत, पुन्हापुन्हा उघडत. जमेच्या बाजू बऱ्याच होत्या आणि त्या सांगताना तिला बरं वाटत होतं. ती म्हणाली, "आधी आवाज ऐका या गेमचा. मोठमोठ्या कंपन्यांच्या गेममध्ये रान म्हणजे नुसता हिरवा रंग फासलेला असतो. इथं मेंढरू भिजलं की जड चालतं. कुत्रं सावलीला बसलं तरी एक कान मेंढरांकडं ठेवतं. हे बनवणाऱ्यानं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि तो बाभळीखालचा म्हातारा बघा. आजवर मी एवढ्या गेम खेळले, इतका खरा म्हातारा कुठंच पाहिला नाही."

मग ती पाणी प्यायली आणि खटकलेल्यावर आली. इथे तिचा आवाज आपोआप वर चढायचा.

"पण खेळ म्हणून ही गेम फसते. चालणं इतकं संथ आहे की डोळा लागतो. काय करायचं ते कुणी सांगत नाही. जिंकायचं काय आणि हरायचं काय, पत्ता नाही. म्हातारा सारखा हाका मारतो. काम टाकून त्याच्याजवळ गेलं की विचारतो, 'तू कोन?' एकदा ठीक आहे, दहादा नाही. आणि सगळ्यांत मोठा दोष म्हणजे ही गेम सोडल्या जागी राहत नाही. बंद करून पुन्हा उघडली की मेंढरं चहूकडे पांगलेली आणि म्हातारा वाटेवर उन्हात उभा. जमवलेलं सगळं वाया. एकदा नाही, दर वेळी. ही चूक शाळकरी आहे."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. शेवटी फक्त एवढंच म्हणायचं राहिलं होतं, की बटणांची नावं गोंधळात टाकतात.

"आणि बाहेर पडायचं बटण! मी शोधून शोधून थकले. कोपऱ्यात एक बारकं बटण आहे, त्यावर लिहिलंय, 'येतो'." इथे तिला हसू फुटलं. ठरवलेलं नव्हतं, पण फुटलं. "येतो म्हणे! अरे बाबा, मला जायचंय. येतो काय?"

हसता हसता तिला ठसका लागला. नंतर व्हिडिओ कापताना तिने तो भाग दोनदा पाहिला आणि तसाच ठेवला. हसू मनापासूनचं होतं, आणि मनापासूनचं लोकांना आवडतं हे तिला माहीत होतं.

ते बटण तिने दाबून पाहिलं नव्हतं. कुठलीही गेम ती अंगठ्याने वर सरकवून बंद करायची. सगळेच तसं करतात, हाताला सवय झालेली असते.

व्हिडिओ लोकांनी पाहिला, पण पाहिला म्हणण्यापेक्षा त्याचं हसू तेवढं उचललं. कुणीतरी नेमका तो तुकडा कापला, त्याच्यामागे माणसांच्या खिदळण्याचा आवाज जोडला आणि सोडून दिला. 'येतो म्हणे' सगळ्यांच्या तोंडी झालं. क्लासमधली पोरं पाणी प्यायला उठताना एकमेकांना म्हणायची, 'येतो म्हणे!' पक्ष सोडून गेलेल्या कुठल्याशा पुढाऱ्याच्या फोटोखाली कुणी तेच चिकटवलं. पहिल्या दिवशी मोहिनीला त्याची गंमत वाटली, इतकी की तो तुकडा तिने आपल्या मोबाईलमध्ये उतरवून ठेवला. मग तिने गेमच्या पानावर जाऊन पाहिलं. ज्यांनी ती कधी उघडलीही नसेल अशी माणसं गेमला एकेक तारा देऊन खाली तोच शब्द लिहून जात होती. जमेच्या बाजूही ऐका असं तिने व्हिडिओखाली लिहिलं. ते कोण वाचतो?

रामेश्वरचा मेसेज आला. "बघितलं. बरोबर हाय तुजं. दुरुस्त करतो."

तिने त्याला भलंमोठं उत्तर लिहिलं. लोक मूर्ख आहेत, तू मनावर घेऊ नकोस, आवाजाचं काम फार मोठं आहे, असं बरंच काही. त्याने वाचल्याची खूण तेवढी आली.

दिवाळी होऊन बरेच दिवस गेले आणि एके दिवशी 'राखण'ची नवी आवृत्ती आली. मोहिनीने ती लगेच उतरवून घेतली आणि संध्याकाळभर खेळली. तिने दाखवलेली एकेक चूक रामेश्वरने काढून टाकली होती. चालणं चपळ झालं होतं. काय करायचं ते पडद्यावर लिहून येत होतं, मेंढरं घरी आणली की शाबासकी मिळत होती. गेम कशीही बंद करा, पुन्हा उघडली की सगळं जिथल्या तिथे. म्हातारा हाका मारत नव्हता, वाटेवर उभा राहत नव्हता, बाभळीखाली मान घालून बसलेला असायचा. कोपऱ्यातल्या बटणावर आता 'बाहेर पडा' असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

तिला आधी समाधान वाटलं. आपलं ऐकून कुणी एवढं सुधारलं, याचा थोडा गर्वही वाटला. पण झोपायला आडवी झाली तेव्हा काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहिलं. काय ते नेमकं सांगता येईना, आणि जे नेमकं सांगता येत नाही ते व्हिडिओत बोलायचं नाही, असा तिचा नियम होता. तिने दुसरा व्हिडिओ करायचं ठरवलं, 'दुरुस्त झालेली राखण' म्हणून. त्यात रामेश्वरचे दोन शब्द घ्यावेत म्हणून फोन लावला. लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मन खात होतंच. रविवारी तिने खोलीला कुलूप घातलं आणि खालच्या घरमालकिणीला "येते काकू" म्हणून ती परळीच्या गाडीत जाऊन बसली.

तेलगावला उतरेपर्यंत गाडीपुढे उसाचे ट्रॅक्टर होते आणि गाडी त्यांच्यामागे रांगत होती. तिथून एका जीपने तिला फाट्यावर सोडलं. फाट्यापासून वस्ती दिसत होती, पण वाट डोंगराला वळसा घालून जायची. त्या वळणावर लिंबाचं झाड होतं, आणि झाडाची सावली सोडून, उघड्या उन्हात, एक म्हातारा उभा होता. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, काठी बगलेत धरलेली.

मोहिनीचे पाय थांबले. या माणसाला तिने पाहिलं होतं. हेच वळण, हीच किंचित पुढे आलेली मान, काठीवर भार टाकण्याची हीच रीत. याच उभं राहण्याला तिने शाळकरी चूक म्हटलं होतं.

"आप्पा?" तिने हाक मारली.

रामेश्वरच्या बापाने, सटवाने, तिच्याकडे पाहिलं नाही. तो तिच्या खांद्यावरून मागच्या वाटेकडे पाहत होता.

रामेश्वरची आई सारजाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. मोहिनीने नाव सांगितलं, रामेश्वरसोबत क्लासला होते म्हणाली, आणि बाकीचं काही सांगितलं नाही. ताकाला जाऊन तिने भांडं लपवलं. सारजाबाईने सूप बाजूला ठेवलं आणि तिला बसायला पोतं टाकलं.

"रामा न्हाई गं माय. चाकणला गेला. मामानं लावलं कंपनीत."

"कधी गेला?"

"झालं की लई दिस. दिवाळीची भाऊबीज झाली अन् गेला. आता पाडव्याबिगर यायचा न्हाई."

"त्याचा फोन लागत नाही, मावशी."

"आत घिऊन जाऊ देत न्हाईत म्हनं. सांजच्याला करतो एकदा." सारजाबाई चूल पेटवायला वळली. "बस, च्या टाकते."

मोहिनी बसली. दुरुस्त झालेल्या गेमबद्दल, दुसऱ्या व्हिडिओबद्दल जे बोलायचं ठरवून आली होती ते आता कुणाशी बोलायचं? ती चाकणला न जाण्यासाठी केलेली गेम होती आणि तो चाकणला पोचला होता. तिने वळणाकडे पाहिलं. म्हातारा तसाच होता.

"आप्पा असे उन्हात का उभे आहेत?"

"रोजच हुबे ऱ्हातेत." चुलीत फुंकर घालून सारजाबाई म्हणाली. "सकाळच्याला उठले की जातेत तितं. पाय सुजलेत. वढून आनलं तर मारायला उठतेत. रामा न सांगता गेला ना."

"न सांगता म्हणजे?"

"'येतो' न्हाई म्हन्ला." तिने चहाचं पाणी ठेवलं आणि पदराने डोळ्यांतला धूर पुसला. "रानात ऱ्हायलेली मानसं आमी, माय. मेंढरामागं गावोगाव फिरायचो तवापासूनची रीत हाय. मेंढराजवळून कुनी उठलं की 'येतो' म्हनूनच उठायचं. न सांगता गेलं की बाकीच्यांनी हुबं ऱ्हायचं, हाका मारायच्या. डोंगरात पाय घसरला का, लांडगं लागलं का, काय ठावं? 'येतो' म्हन्लं की जीव भांड्यात पडतो. ह्येंचं समदं इसरलं. माजं नाव इसरलं, पोराचं तोंड इसरलं. तेवढं न्हाई इसरलं."

"मग रामेश्वरनं म्हणायचं तरी. एक शब्द तर आहे."

"मी बी तेच म्हन्लं. कावून म्हनत न्हाईस रं? तोंड उघडलं त्यानं. ह्येंच्या पुढ्यात बसला, तोंड उघडलं, पर निघंना. मला म्हन्ला, आई, त्या शब्दाला आख्खं जग हसलं. अन् पहाटंच गेला मागल्या दारानं. फोनवर तरी म्हन, म्हन्लं. फोनवर गप बसतो."

मोहिनीने पोत्याचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. तो इतका आवळला की बोटाचं टोक पांढरं पडलं.

सारजाबाई बोलतच होती. तिला ऐकणारं माणूस फार दिवसांनी मिळालं असावं. "मोबाईलात गेम केलती त्यानं, तुला ठावं असंल. तितं 'येतो' म्हनून बटन व्हतं. ते दाबलं की रामाचाच आवाज यायचा, 'आप्पा, येतो!' अन् त्यातला म्हातारा हात वर करायचा. 'ये रं बाबा' म्हनायचा, ते ह्येंचंच बोलनं, रामानं भरून घेतल्यालं. मग समदी मेंढरं बी गपगुमान बसायची. रामा बाजाराला गेलता अन् सांगायचं ऱ्हायलं, तर मी ते दाबायची. ह्ये ऐकायचे अन् बसायचे."

"आता नाही का ते?"

"बीडची कुनी पोरगी हाय म्हनं. गेमा बऱ्या का वाईट, ते सांगती. ती म्हन्ली ह्यात चुका हायेत. रामानं समद्या काडल्या. म्या म्हन्लं, माज्यापुरतं तेवढं बटन ऱ्हाऊ दे. तर म्हन्ला, न्हाई आई, चूक ती चूक." चहा उतू जाऊ लागला तशी तिने भांडं खाली घेतलं. "माज्या मोबाईलातलं बी गेलं. चांगलं चालत व्हतं, दुरुस्त करून घालवलं. करायला गेला गणपती अन् झाला मारुती."

मोहिनीच्या हातात कप आला. तिने तो जमिनीवर ठेवला.

गेम बिघडलेली नव्हतीच. मोहिनीच दर वेळी न सांगता उठून गेली होती, आणि गेममधल्या म्हाताऱ्याने तेच केलं होतं जे हा म्हातारा तिकडे वळणावर करत होता. मेंढरं पांगली होती कारण त्यांच्याजवळचं माणूस गायब झालं होतं. आणि हे तिला ठाऊक नव्हतं असंही नाही. लहानपणी 'जाते' म्हणून उंबरा ओलांडला की आई, सुंदरबाई, तिला अर्ध्या गल्लीतून मागे बोलवायची. 'जाते नाही म्हणू. येते म्हण.' ती म्हणायची आणि मगच शाळेला जायची. आज सकाळीही ती तेच म्हणून निघाली होती. मोबाईलच्या चौकटीत मात्र तोच शब्द तिला चुकलेला दिसला होता. तिला स्वतःची शिसारी आली.

ती उठली आणि वळणापर्यंत गेली. सटवाच्या समोर, त्याला दिसेल अशी उभी राहिली.

"आप्पा, येते."

सटवाने या वेळी तिच्याकडे पाहिलं. डोळे पाण्याने भरलेले, उन्हाने लाल झालेले.

"तू कोन?" त्याने विचारलं.

आणि उत्तराची वाट न पाहता तो पुन्हा वाटेकडे पाहू लागला. त्याला कुणाचंही 'येते' नको होतं. जो गेला होता त्याचं हवं होतं.

सारजाबाई तांब्या घेऊन मागोमाग आली होती. दिवसातून चार वेळा ती अशीच पाणी घेऊन येत असणार. "प्या जरा," ती नवऱ्याला म्हणाली. तो प्यायला नाही.

तेव्हा मोहिनीला रेकॉर्डिंग आठवलं. तिचा चेहरा एकदम उजळला.

"मावशी, माझ्याकडं जुनी गेम रेकॉर्ड केलेली आहे. मी खेळले होते ना, ते सगळं ठेवलंय. त्यात रामेश्वरचा आवाज असेल."

"हाय?" सारजाबाईने तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "बघ की मग, बघ."

लिंबाखालच्या दगडावर बसून मोहिनीने मोबाईल उघडला आणि आवाज पूर्ण मोठा केला. पहिलं रेकॉर्डिंग लावलं, सरकवत शेवटापर्यंत नेलं. घुंगरं वाजली, कुत्रं भुंकलं, आणि पडदा अंगठ्याने वर सरकून बंद झाला. दुसरं लावलं. त्याच्याही शेवटी अंगठा. तिसरं. तिची बोटं आता घाई करू लागली. एकात म्हातारा बाभळीखाली तिच्याकडे तोंड करून उभा होता, काहीतरी ऐकायला थांबल्यासारखा, आणि कोपऱ्यात ते बटण स्वच्छ दिसत होतं. सरकवून टाकलेलं. सगळी रेकॉर्डिंगं संपली. इतके तास मोहिनी ती गेम खेळली होती आणि एकदाही तिने ते बटण दाबलेलं नव्हतं. एकदा दाबलं असतं तर आज तो आवाज तिच्या हातात असता.

"सापडंना का?" सारजाबाईने विचारलं.

मोहिनी मान हलवणार एवढ्यात रांगेतलं पुढचं आपोआप सुरू झालं. ते रेकॉर्डिंग नव्हतं. पहिल्या दिवशी गंमत म्हणून उतरवून ठेवलेला तो तुकडा होता.

"येतो!" मोबाईलमधून तिचाच आवाज वळणावर घुमला. "येतो म्हणे! अरे बाबा, मला जायचंय..." आणि हसू, तिचं, आणि त्याच्यामागे जोडलेलं शेकडो माणसांचं.

ती तो बंद करायला धडपडली. मोबाईल हातातून निसटून मातीत पडला, तिथेही हसत राहिला.

सटवाच्या कानावर 'येतो' पडलं आणि त्याची काठी बगलेतून खाली आली. त्याने मान वळवली, पण मोबाईलकडे नाही, वाटेकडेच. मग उजवा हात वर केला, पंजा उघडून.

"ये रं बाबा," तो म्हणाला. "सवकाशीनं ये."

आणि तो वळला. सुजलेले पाय ओढत, काठी टेकत, त्या दोघींच्या बाजूने अंगणाकडे निघाला. बाजेवर बसला. घोंगडी खांद्यावरून काढून त्याने शेजारी ठेवली आणि पाण्यासाठी हात पुढे केला.

सारजाबाईने पाणी नेऊन दिलं. तो घटाघटा प्यायला. मग ती परत आली आणि मातीतला मोबाईल उचलून तिने पदराला पुसला. पडद्यावर हसता हसता थांबलेला चेहरा होता, तोंड उघडं, डोळे मिटलेले. तिने त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि समोर उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं.

मोहिनीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काहीतरी बोलणं भाग होतं.

"मावशी, ती मी..."

"कळलं मला."

सारजाबाईचा आवाज चढला नाही. तिने कमरेच्या पिशवीतून आपला मोबाईल काढला, काचेला तडा गेलेला, आणि पुढे धरला.

"ह्यात टाकून दे ते."

"हे नको मावशी. हे कसं... मी रामेश्वरला सांगते, त्याच्याकडून आवाज मागवून घेते. मी चाकणला जाते हवं तर."

"त्यो म्हनायचा न्हाई आता." सारजाबाईने बाजेकडे पाहिलं. सटवा बाजेवर आडवा झाला होता. "ह्ये कितीक दिसांनी टेकलेत. टाक. रोज लागंल."

मोहिनीने ते टाकलं. कुठे दाबायचं ते दाखवलं. दाखवताना दोघींची बोटं त्या तडा गेलेल्या काचेवर शेजारी शेजारी होती. सारजाबाईने एकदा विचारून घेतलं, आवाज मोठा कसा करायचा. तेही तिने दाखवलं. अंगणातला चहा पोत्याजवळ तसाच गार झाला होता.

"येते, मावशी," ती म्हणाली.

सारजाबाईची मान मोबाईलवर होती. मोहिनी वाटेला लागली.

लिंबाजवळून पुढे गेली तेव्हा मागून हसू ऐकू आलं. तिचंच. मधेच तुटलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, पुन्हा तुटलं. सारजाबाई शिकत होती. आणि दर वेळी त्या हसण्यामागून, बाजेवरून, झोपेने जड झालेला म्हाताऱ्याचा आवाज येत होता.

"ये रं बाबा. ये."